वेगळे नाव, सरळ स्पेलिंग: गोव्यातील पालकांसाठी

गोव्यातल्या कोणत्याही शाळेचा हजेरीपट उघडला, तर एकाच वर्गात नाईक, गावकर, गावडे आणि देसाई यांची रांगच आढळते. आडनाव सारखे, पुष्कळदा वडिलांचे नावही सारखे, आणि त्यात मुलाचे नावही त्या वर्षी सर्वांना आवडलेले तेच असले, तर शाळेपासून बँकेपर्यंत त्या मुलाची ओळख दुसऱ्या कोणाच्या तरी ओळखीत मिसळत राहते. म्हणून बाळाचे नाव चारचौघांहून वेगळे असावे, ही पालकांची इच्छा मी केवळ हौस मानत नाही. आपल्याकडे ती गरज आहे. मात्र हा वेगळेपणा नावात असावा, त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये नसावा, असे माझे ठाम मत आहे. दुर्मीळ नाव साध्या अक्षरांत लिहिले, तर ते मुलाला आयुष्यभर शोभते. नेहमीचे नाव विचित्र अक्षरांत लिहिले, तर ते वेगळे होत नाही, फक्त चुकीचे वाचले जाते. नाव शोधण्यापासून ते पंचायतीत नोंदवण्यापर्यंत कोणती काळजी घ्यावी, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

नाव कोठे शोधावे

इंटरनेटवरील नावांच्या याद्या सर्वांत शेवटी पाहाव्यात. या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे तेथे ‘दुर्मीळ’ म्हणून दिलेले नाव त्याच महिन्यात शेकडो घरांनी निवडलेले असते. शेवटी ‘अंश’ जोडून केलेल्या नावांचे असेच झाले. त्यांपैकी प्रत्येक नाव सुटे पाहिले तर नवे वाटते, पण बालवाडीत ती सगळी एका रांगेत बसली की बाईंनाही कोणाला हाक मारली ते कळत नाही.

त्याऐवजी घरातून सुरुवात करावी. पणजोबा आणि पणजी यांची नावे, शक्य असल्यास त्यांच्याही आधीच्या पिढीची नावे, एका कागदावर लिहून काढावीत. आपल्याकडे कुलदैवतावरून नाव ठेवण्याची रीत जुनी आहे. मंगेशीवरून मंगेश, बांदिवड्याच्या नागेशावरून नागेश, जांबावलीच्या देवावरून दामोदर, कवळ्याच्या शांतादुर्गेवरून शांता आणि शिरोड्याच्या देवीवरून कामाक्षी ही नावे एके काळी घरोघरी होती. आज लहान मुलांत ती क्वचित ऐकू येतात, म्हणजे वेगळेपणाची अट ती आपोआप पुरी करतात, आणि त्यांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दामोदरचा दामू होईल अशी भीती काही पालकांना वाटते. तो होणारच, कारण गोव्यात कोणतेही नाव हाकेपुरते लहान होते. प्रश्न एवढाच की ते लहान रूप तुम्हाला गोड वाटते की नाही. ते आधीच उच्चारून पाहावे.

दुसरा साठा आपल्या भूमीचा आहे. आबोली, सुरंगी, बकुळा ही फुलांची नावे मुलीला शोभतात. देवळाबाहेर सुरंगीचे वळेसर (गजरे) विकत घेतलेल्या माणसाला त्या नावाचा सुगंध वेगळा सांगावा लागत नाही. नद्यांमध्ये म्हादई आणि केपे भागातून वाहणारी कुशावती ही दोन नावे मला फार सुंदर वाटतात. कुशावतीच्या काठी पणसायमळ येथे जांभ्या दगडावर प्राचीन खोदचित्रे आहेत, आणि आपल्या नावाच्या नदीकाठी मुलीला एकदा नेऊन आणता येणे ही मोठी गोष्ट आहे.

ज्यांना शास्त्रातील नाव हवे आहे त्यांनी मासनामांचा विचार करावा. नामकरण संस्कारात देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितली आहेत. यांपैकी मासनामे बारा महिन्यांसाठी बारा आहेत: कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरी, योगीश आणि पुंडरीकाक्ष. अच्युत, उपेंद्र आणि योगीश ही तीन नावे आजही सहज खपण्यासारखी आहेत आणि तरी कोठे फारशी भेटत नाहीत.

हीच चार नावांची व्यवस्था नक्षत्राच्या अक्षराची अडचणही सोडवते. प्रत्येक नक्षत्राला चार चरण आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर असते. रोहिणीला ओ, वा, वी, वू मिळतात, तेथे काही प्रश्न नाही. पण आर्द्रेला कू, घ, ङ, छ येतात, हस्ताला पू, ष, ण, ठ येतात आणि उत्तराभाद्रपदेला दू, थ, झ, ञ. ङ, ण किंवा ञ या अक्षरांनी सुरू होणारे नाव मराठीत नाही, आणि ते ओढूनताणून बनवू नये. ज्या घरी पत्रिकेचा आग्रह असतो तेथे वडीलधाऱ्यांना विनयाने सांगावे की नाक्षत्रनाम संस्कारापुरते राहू द्यावे, आत्या कानात ते सांगेल, आणि कागदोपत्री व्यावहारिक नाव लावले जाईल. परंपरेतच ही सोय असल्यामुळे बहुतेक आजीआजोबा ती आनंदाने मान्य करतात.

अर्थ तपासावा, ऐकीव धरू नये

नाव पसंत पडले की शब्दकोश उघडावा. आपट्यांचा संस्कृत कोश आणि मोल्सवर्थचा मराठी कोश हे दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात, आणि त्यात घालवलेली पंधरा मिनिटे पुढच्या अनेक वर्षांची खंत वाचवतात. तृषा म्हणजे तहान, कृशा म्हणजे किडकिडीत, तमिस्रा म्हणजे काळोखी रात्र. अनल आणि अनिल यांत एका वेलांटीचा फरक आहे, पण पहिला अग्नी आणि दुसरा वारा. ‘विवान’ या नावाला याद्यांतून सूर्यकिरणाचा अर्थ जोडलेला दिसतो. सूर्याचे संस्कृत नाव विवस्वान आहे आणि त्यातून ‘विवान’ व्याकरणाने निघत नाही.

याचा अर्थ असा नव्हे की कोशात नसलेले नाव ठेवूच नये. कानाला गोड लागणारे, घरच्यांनी प्रेमाने रचलेले नाव ठेवण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. अशा वेळी मुलाला मोठेपणी स्पष्ट सांगावे की हे नाव आम्ही रचले, आईच्या आणि बाबांच्या नावांतील अक्षरे घेऊन रचले, किंवा केवळ नादासाठी निवडले. खोटा अर्थ मात्र चिकटवू नये. संस्कृत शिकलेल्या एखाद्या शिक्षकासमोर तो गळून पडतो, आणि संकोच मुलाच्या वाट्याला येतो.

आधी देवनागरी, मग इंग्रजी

सगळ्यात जास्त गोंधळ येथे होतो, म्हणून या भागावर थोडे थांबतो. पहिला नियम असा की नाव प्रथम देवनागरीत, ऱ्हस्वदीर्घासह, पक्के करावे. ‘श्रिया’ की ‘श्रेया’, ‘ऋत्वी’ की ‘रुत्वी’, हे घरात एकमताने ठरल्याशिवाय इंग्रजी अक्षरांना हात लावू नये. पुष्कळ घरांत उलटे घडते: कोणीतरी मोबाइलवर इंग्रजीत नाव पाठवते, प्रत्येकजण ते आपापल्या परीने वाचतो, आणि बारशाच्या दिवशी पाळण्याजवळ दोन उच्चार निघतात.

गोव्याला इंग्रजी अक्षरांपूर्वी पोर्तुगीज वळणाची अक्षरे मिळाली, आणि त्याचा परिणाम आपल्या नावांवर अजून आहे. पोर्तुगीज पद्धतीत ‘क’ साठी के येत नाही. ए, ओ, यू यांच्या आधी सी आणि ई, आय यांच्या आधी क्यू-यू येतात. म्हणून काणकोण सीने आणि केपे क्यूने लिहिले जाते. ‘श’ साठी एक्स येतो. शेवटच्या अनुनासिकासाठी एम येतो, म्हणून शिवोली, सांगे, कुंकळ्ळी या सर्वांच्या शेवटी इंग्रजीत एम उभा असतो, आणि डिचोलीची सुरुवात तर बीने होते. आडनावांत हाच वारसा दिसतो: एकाच घराण्यातील एक भाऊ ‘कर’ के-ए-आर असे लिहितो आणि दुसरा सी-ए-आर. नाईकांतही काहींच्या शेवटी के आहे, तर काहींच्या शेवटी क्यू-यू-ई.

आडनावाचा हा वारसा जपावा, त्यात बदल करू नये. पण नव्या बाळाच्या नावात ही वळणे मुद्दाम आणू नयेत. एक्सने लिहिलेली ‘शांता’ सासष्टीत कदाचित नीट वाचली जाईल, पण पुण्यात किंवा बेंगळुरूमध्ये ती ‘झांता’ होईल. ‘श’ साठी एस-एच आणि ‘क’ साठी के हेच ठेवावे.

मराठीतील काही अक्षरांना इंग्रजीत धड जागा नाही, आणि अशा अक्षरांचे नाव निवडताना ती अडचण आधीच माहीत असावी. ऋ हे त्यांतले पहिले. आपण त्याचा उच्चार ‘रु’ करतो, हिंदी भाषक ‘रि’ करतात. म्हणून ऋतुजा आपल्याकडे आर-यूने आणि उत्तरेकडे आर-आयने लिहिली जाते. ज्या घरात ‘रुतुजा’ अशी हाक मारली जाणार आहे त्या घराने आर-यू लिहावे, कारण आपल्या मुलीला परक्यानेही तीच हाक मारावी, हा स्पेलिंगचा एकमेव हेतू आहे. ज्ञ चे दुखणे मोठे आहे. आपण डी-एन-वाय लिहितो, हिंदीत जी-वाय लिहितात आणि संस्कृतच्या अभ्यासकांत जे-एन चालते. प्रज्ञा, यज्ञेश, ज्ञानदा ही नावे घेऊन महाराष्ट्र आणि गोवा ओलांडला की प्रत्येक ठिकाणी उच्चार शिकवावा लागतो. तरीही नाव आवडले असेल तर डी-एन-वाय हेच लिहावे आणि शिकवण्याची तयारी ठेवावी, कारण तिन्ही पर्यायांत आपल्या लोकांना सवयीचा तोच आहे. ळ ला तर वेगळे अक्षरच नाही. बकुळा इंग्रजीतून परत आली की बकुला होऊनच येते.

त आणि द यांचे ट आणि ड होतात, त्यावरही स्पेलिंगमध्ये इलाज नाही. दक्षिणेत त साठी टी-एच लिहितात, म्हणून शेजारच्या कर्नाटकातील कविता टी-एचने लिहिलेली दिसते. ते त्यांच्याकडे बरोबर आहे. आपल्याकडे टी-एच म्हणजे थ, आणि आपण तसे लिहिले तर मुलीची ‘कविथा’ होईल.

आता दुहेरी अक्षरांविषयी. पहिला स्वर आ आहे हे दाखवण्यासाठी आरवच्या सुरुवातीला दोन ए लिहिणे मला योग्य वाटते, कारण त्याने उच्चार स्पष्ट होतो. पण शेवटी दोन ए, मध्ये दोन एन, आयच्या जागी वाय, किंवा कोठेतरी मूक एच, ही केवळ सजावट आहे, आणि ही सजावट मुलाला प्रत्येक खिडकीवर तोंडी उलगडून सांगावी लागते. बहुधा अंकशास्त्रासाठी ही भर घातली जाते. त्यात प्रामुख्याने दोन पद्धती चालतात. एक अक्षरांना १ ते ९ असे अंक देते आणि दुसरी १ ते ८ असे, त्यामुळे एकाच नावाची बेरीज दोन जाणकारांकडे दोन निघते. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती जरूर पाळावी. पण बेरीज जुळत नसेल तर अक्षरे वाकवण्याऐवजी, ज्याच्या सरळ स्पेलिंगचीच बेरीज जुळते असे दुसरे नाव निवडावे. असे नाव शोधायला एखादी संध्याकाळ जाते, एवढेच.

चिन्हे आणि आकडे पूर्णपणे टाळावेत. पासपोर्टच्या खालच्या भागात यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यांतील पहिल्या ओळीत आडनाव आणि नाव मिळून ३९ जागा असतात, आणि तेथे ए ते झेड एवढीच अक्षरे चालतात. अक्षरावरील स्वल्पविरामासारखे चिन्ह तेथे गळून जाते. ज्या कुटुंबांना पुढे पोर्तुगालमध्ये नोंदणी करायची आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावे की तेथील कायद्यानुसार पूर्ण नाव साधारणपणे सहा शब्दांपर्यंत असते, त्यांतले दोन नावाचे आणि चार आडनावांचे. लांबलचक जोडनावांना तेथे जागा नाही.

कागदाची आणि फोनची परीक्षा

स्पेलिंग ठरले असे वाटले की ते एका कोऱ्या चिठ्ठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे आणि नाव माहीत नसलेल्या चार-पाच जणांना, काही न सांगता, मोठ्याने वाचायला द्यावे. त्यांत एक मराठी वाचक असावा, एक ख्रिस्ती शेजारी असावा, एक औषधाच्या दुकानातील माणूस असावा आणि एक परप्रांतीय असावा, कारण मुलाला आयुष्यात नेमके हेच चौघे भेटणार आहेत. म्हादईचे उदाहरण घ्या. वर्तमानपत्रांत नदीचे नाव एम-एच-ए-डी-ई-आय असे छापले जाते, आणि गोव्याबाहेरचा माणूस ते ‘म्हादेई’ किंवा ‘महादेई’ असे वाचतो. डीनंतर ए-आय लिहिले तर उच्चार ‘एई’कडून ‘अई’कडे सरकतो. असा फरक चिठ्ठी वाचून घेतल्यावरच कळतो; मनात कितीही वाचले तरी कळत नाही, कारण आपल्याला उत्तर आधीच ठाऊक असते. चारांपैकी तिघांनी बरोबर वाचले तर स्पेलिंग उत्तम आहे.

मग उलट परीक्षा घ्यावी. दूरच्या मावशीला किंवा काकांना फोन करून नाव फक्त सांगावे आणि ते इंग्रजीत कसे लिहिले ते परत पाठवायला सांगावे. त्यांनी लिहिलेले तुमच्या स्पेलिंगशी जुळत नसेल, तर बहुतेक वेळा बदलायचे ते तुमचेच स्पेलिंग असते.

नोंदणी

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. रुग्णालयात जन्म झाला असेल तर ही माहिती रुग्णालयच पाठवते, आणि नोंद तेथील ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते. येथे पालकांची घाई होते. जन्माची नोंद आणि नावाची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: नाव ठरले नसेल तर तो रकाना रिकामा ठेवून जन्म नोंदवता येतो, आणि नाव बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. परिचारिका फॉर्म घेऊन उभी आहे म्हणून अर्धवट ठरलेले नाव लिहून देऊ नये. बारसे होऊ द्यावे, चिठ्ठीची परीक्षा होऊ द्यावी, मग पंचायतीत जावे. मात्र हे लांबवूही नये, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, वाहन परवाना अशा अनेक कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो.

फॉर्म भरताना आईबाबांच्या नावांकडे बाळाच्या नावाइतकेच लक्ष द्यावे. ती त्यांच्या स्वतःच्या कागदपत्रांवर आहेत तशीच, अक्षर न अक्षर, लिहावीत. आजोबांचे आडनाव सीने होते म्हणून बाळापासून ते पुन्हा सुरू करावे, असा अभिमान काही घरांत दिसतो. पण वडील के लिहीत असतील तर बाळाचेही केच असावे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वीच्या, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतील, नोंदींवर आधारून ज्यांनी कागद जुळवले आहेत त्यांना विचारून पाहा: दोन पिढ्यांत एक अक्षर वेगळे असले, तर दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करण्यात किती फेऱ्या होतात, ते त्यांना चांगले माहीत असते.

लेखनिकाच्या आवाजावर विसंबू नये. नाव सांगून लिहून घेण्याऐवजी मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी द्यावी, आणि नोंद संगणकावर चढल्यावर पडद्यावर वाचून मगच दाखला छापायला सांगावा. आधारच्या वेळी हीच काळजी पुन्हा घ्यावी, कारण तेथे इंग्रजीत टंकलेल्या नावाचे भारतीय लिपीतील रूप संगणक आपोआप तयार करतो आणि अदितीची ‘अडिटी’ होऊ शकते. केंद्रातच ते दुरुस्त करून घ्यावे. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते.

नोंद झाल्यावर चूक आढळली, तर ती लेखनातील चूक आहे की तुमचे मत बदलले आहे, हे आधी ठरवावे, कारण दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत. लेखनातील चूक त्याच नोंदणी अधिनियमाखाली निबंधक पुरावा पाहून दुरुस्त करतो. नाव किंवा त्याचे स्पेलिंग नव्याने बदलायचे असेल, तर गोव्यात त्यासाठी १९९० चा नाव आणि आडनाव बदलण्याचा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याच रीतीने जावे लागते. नुसते प्रतिज्ञापत्र करून नवे नाव वापरायला लागणे पुरेसे नाही. ज्यांच्या मुलांची नावे आधीच सजवलेल्या अक्षरांत नोंदली गेली आहेत, त्यांनी मुलाला काय वाटते ते विचारून, दहावीचा परीक्षा अर्ज भरण्यापूर्वी हे काम उरकावे, कारण त्या गुणपत्रिकेवर छापलेले नाव पुढच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर उतरते.